सुरतेची जुनी मोटारसायकल



भाताची कापणी उरकली, की आमच्या टपालात दोन विषयांची पत्रे वाढू लागतात. एक विषय लग्नाचा आणि दुसरा वाहनाच्या खरेदीचा. पहिल्या विषयात आम्ही शक्यतो पडत नाही, कारण त्यासाठी आपल्या धर्मग्रामात आमच्याहून अनुभवी काकू पुष्कळ आहेत. दुसऱ्या विषयावरील एक पत्र मात्र या खेपेस असे आले, की ते बाजूस सारणे आमच्याने झाले नाही.

पत्र वसईकडील एका मातेचे होते. तिचा चिरंजीव सुरतेस नोकरीस आहे. राहतो उधन्याच्या बाजूस आणि कामास जातो तापीपलीकडे हजिऱ्याला. त्याने दोन वर्षांत सव्वा लाख रुपये साठविले आणि त्यांतून साडेतीनशे सी.सी.ची जुनी मोटारसायकल घ्यावयाचे ठरविले. बापाने होकार दिला. आईने दिला नाही. ती लिहिते, "धाकटीच्या नर्सिंगची फी जूनमध्ये भरावयाची आहे. हे धूड वाटेत बिघडले, तर दुरुस्तीचे पैसे कोठून आणावयाचे? आणि रात्रीअपरात्री त्याचा फोन आला नाही, तर मी कोणाकडे पाहावयाचे? आपले तो ऐकतो. आपण त्याला परावृत्त करावे."

परावृत्त करण्याचा आमचा अधिकार फार तोकडा आहे. आम्ही स्वतः बावीस वर्षे जुनी बुलेट वापरली आणि त्या काळात आमच्याही मातोश्रींनी पुष्कळ जपमाळा केल्या. तरी आम्ही मुलाशी बोललो. सव्वाशे सी.सी.चे हलके वाहन कामावर जाण्यायेण्यास पुरेसे आहे, ते एका लिटरमध्ये जवळजवळ दुप्पट अंतर तोडते, त्याचा टायर स्वस्त आणि मिस्त्री गल्लोगल्ली, हे सर्व त्याच्या कानांवर घातले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "काका, दर महिन्याला मी घरी येतो तो रस्ता आपण पाहिला आहे ना? दोनशेहून अधिक किलोमीटर महामार्ग. शेजारून ट्रक गेला, की हलकी गाडी झोकांडी खाते. मागे बहीण बसलेली असते." या उत्तराने आमचे निम्मे समाधान झाले. उरलेल्या निम्म्यासाठी आम्ही त्याच्या वडिलांसह एका शनिवारी सुरतेची गाडी पकडली.

"मध्यम वजनाची" मोटारसायकल म्हणजे कोणती, असे काही भगिनी विचारतील. शंभर-सव्वाशे सी.सी.ची ती हलकी आणि साडेतीनशेपासून साडेसहाशे-सातशेपर्यंतची ती मध्यम, असा हा ढोबळ हिशेब आहे. आमच्या पिढीस मध्यम म्हणजे बुलेट. १९५५ साली मद्रासेत तिचा कारखाना निघाला. म्हैसूरच्या कारखान्यातून जावा आणि पुढे येझदी येत असे, ती १९९६ साली बंद पडली. १९८३ साली यामाहाच्या आराखड्यावर बनविलेली राजदूत साडेतीनशे आली. ती पळे वाऱ्यासारखी. पण पेट्रोल असे पिई, की मालकास दर पंपावर उतरावे लागे. त्यानंतर बरीच वर्षे या वर्गात बुलेटशिवाय फारसे काही नव्हते. सांप्रत तसे राहिलेले नाही. २०१३ साली चाकणहून केटीएम ३९० निघाली, २०१८ साली रॉयल एन्फील्डची दोन सिलिंडरांची साडेसहाशे आली, त्याच वर्षी जावाचे नाव पुन्हा बाजारात आले आणि २०२३ साली बजाजने ट्रायम्फची चारशे बनविण्यास आरंभ केला. नवी वाहने एवढी खपल्यावर काही वर्षांनी त्यांतली बरीचशी जुन्या बाजारात उतरणार, हे उघड आहे. कोणाला मूल झाले, कोणाची बदली झाली, कोणाचे हप्ते थकले. हौस फिटली म्हणून विकणारेही पुष्कळ असतात आणि त्यांचे वाहन बहुधा चांगले असते.

सुरतेत जुने वाहन घेताना एक प्रश्न इतर शहरांपेक्षा अगोदर विचारावा लागतो. हे वाहन पाण्यात किती वेळ उभे होते?

ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणाचे पाणी सोडावे लागले आणि तापीने बहुतेक शहर बुडविले, हे सर्वांस स्मरत असेलच. तेव्हाची वाहने आता भंगारात गेली. परंतु सुरतेतील खाड्यांचा पूर अजून थांबलेला नाही. जुलै २०२४ मध्ये आणि पुन्हा जून २०२५ मध्ये सखल वस्त्यांत पाणी शिरले आणि जिन्याखाली, तळघरात, गल्लीत उभ्या असलेल्या दुचाक्या त्यात बुडाल्या. पाण्यात बुडालेली मोटारसायकल वाळवून, पुसून, रंग देऊन उभी केली, की वरून काही कळत नाही. आत मात्र चाकांच्या बेअरिंगांतील ग्रीस धुऊन गेलेले असते, तारांच्या जोडांवर हिरवी बुरशी चढू लागते, टाकीच्या तळाशी पाणी बसते. सायलेन्सरातून किंवा हवेच्या वाटेने पाणी सिलिंडरात गेले असेल आणि कोणी घाईने बटण दाबले असेल, तर त्याहून वाईट. पाणी हवेसारखे दबत नाही. पिस्टन त्यावर आदळतो आणि त्याखालील दांडा वाकतो. असे इंजिन काही महिने चालते, आणि मग एके रात्री महामार्गावर मोडते. त्या मातेच्या पत्रातील भीती अगदीच अनाठायी नव्हती, ती अशी.

रविवारी सकाळची मिस्सा आटोपून आम्ही तिघे बाहेर पडलो.

पहिली गाडी एका दलालाच्या गाळ्यात होती. लालभडक रंग, आरशासारखी टाकी, नवी सीट. मुलगा तिच्याभोवती दोनदा फिरला. आम्ही वाकून इंजिनाला हात लावला, तर ते कोमट! सकाळी नऊ वाजता गाळा नुकता उघडलेला, आणि इंजिन कोमट. दलाल म्हणाला, "आताच धुतली, म्हणून सुकवायला चालू केली होती." वाचकहो, जुन्या यंत्राचे दुखणे थंड असताना बोलते. गरम इंजिन एका दमात सुरू होते, त्याचा खडखडाट तेलात दबतो आणि पहिला निळा धूर तोवर वाऱ्यावर निघून गेलेला असतो. म्हणून आदल्या दिवशी निरोप द्यावा, की आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. आणि पोचल्याबरोबर प्रथम हात लावून पाहावा. कोमट लागले, तर चहा घेऊन परत फिरावे, किंवा निदान दुसऱ्या दिवशी यावे.

आम्ही परत फिरलो नाही. वडिलांना संशय आला होता. त्यांनी खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला आणि दलालाची परवानगी घेऊन पुढच्या दिव्याची काच उतरविली. दिव्याच्या वाटीत, तारांच्या झुपक्याखाली, करड्या गाळाचा एक बारीक थर बसलेला होता. बोटाने पुसला, तर पिठासारखा निघाला. धुणारा मनुष्य टाकी धुतो, मडगार्ड धुतो. दिव्याच्या आत कोण धुणार? सीट काढली, तर नव्या कातड्याखालचा पत्रा गंजून खवले झालेला. दलालाने हसून सांगितले, "सुरतेची हवा खारी आहे, साहेब." हवा खारी आहे हे खरेच; डुमस आणि हजिऱ्याकडे लोखंड लवकर गंजते. पण हवा दिव्यात गाळ आणून टाकीत नाही. टाकीवर देवाचे सुंदर चित्र होते, आणि आमच्या बाजूकडील गाड्यांवर संत ख्रिस्तोफरचे पदक असते. दोन्ही श्रद्धेच्या गोष्टी आहेत, इंजिनाची प्रमाणपत्रे नव्हेत.

सगळे दलाल असेच असतात, असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही, आणि तेही सुरतेत तर मुळीच नाही. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी सुरत लुटली, तेव्हाची एक हकीकत फ्रेंच प्रवासी बर्निये याने लिहून ठेवली आहे. महाराजांनी कॅपुचिन मिशनरी फादर अँब्रोझ यांच्या मठास हात लावू दिला नाही, हे आपल्यांतील पुष्कळांनी ऐकलेले असते. त्याच ठिकाणी बर्निये आणखी एका घराचा उल्लेख करतो, तो फारसा कोणी सांगत नाही. ते घर डच व्यापाऱ्यांच्या एका मृत हिंदू दलालाचे होते. तो हयातीत फार दानधर्म करी असे समजल्यावरून तेही सोडण्यात आले. सुरतेच्या दलालाची अशीही कीर्ती होती.

दुसरी गाडी आम्ही पाहावयास नको होती. ती त्याच गाळ्याच्या शेजारी, दोन सिलिंडरांची साडेसहाशे होती. मुलाचे डोळे तिच्यावर खिळले. दलालाने भाव सांगितला, तो बजेटच्या बराच पलीकडे होता. पण "हप्ता करून देतो" हे शब्दही त्याने लगेच उच्चारले. वडील काही बोलले नाहीत. गाळ्यापुढे रस्त्यापर्यंत एक उतार होता. त्यांनी मुलास एवढेच सांगितले, "बाळा, ती बंदच राहू दे. खाली उतरव आणि मागे ढकलत वर आण." दोनशे किलोहून जड वाहन. खाली ते आपसूक आले. वर जाताना मुलगा अर्ध्यात थांबला, पाय घसरला आणि दलालाच्या पोऱ्याने धावत येऊन हात दिला नसता, तर गाडी आडवीच झाली असती. वेगात सर्व मोटारसायकली हलक्या असतात. त्यांचे वजन कळते ते तळघरात, चिखलात आणि पेट्रोल संपल्यावर. घेण्यापूर्वी बंद वाहन ढकलून पाहावे, दोन्ही पाय जमिनीस टेकतात का ते पाहावे, आणि मागे बसणाऱ्या माणसासही एकदा बसवून पाहावे.

येथे भावाविषयी दोन शब्द. २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेतीनशे सी.सी.पर्यंतच्या नव्या मोटारसायकलींवरील जी.एस.टी. अठ्ठावीसवरून अठरा टक्क्यांवर आला आणि त्यावरील मोठ्यांचा चाळीस टक्के झाला. म्हणजे नवी साडेतीनशे पूर्वीपेक्षा शेकडा सात-आठ रुपयांनी स्वस्त झाली. नवीचा भाव उतरला, तर जुनीचाही उतरावयास हवा. परंतु विकणारे अजून मनात जुनाच भाव धरून बसलेले आढळतात. लबाडीने नव्हे, सवयीने. घासाघीस करण्यापूर्वी नव्या गाडीची आजची किंमत दुकानात जाऊन विचारावी. तो कागद खिशात असला, की आवाज चढवावा लागत नाही.

तिसरी गाडी कोणत्याही गाळ्यात नव्हती. दिंडोलीत राहणाऱ्या, मूळच्या चोपड्याकडील एका निवृत्त गृहस्थांकडे ती होती. सुरतेत उधना, लिंबायत, दिंडोली या भागांत आपले खानदेशी बांधव मोठ्या संख्येने राहतात. तापीकाठाने ते पिढ्यान्‌पिढ्या खाली उतरत आले आहेत. गाडी २०१९ सालची, रंग काळा, पण धुतलेली नव्हती. हँडलला अजून लोखंडी तारेची ती कमान लावलेली होती. सुरतेत उत्तरायणाच्या दिवसांत पतंगाच्या मांज्याने गळे कापले जातात, म्हणून दुचाकीस्वार ती लावतात. बाहेरगावच्या गिऱ्हाइकास ती विद्रूप दिसते. आम्हांस ती काळजी घेणाऱ्या माणसाची खूण वाटली.

गृहस्थांनी आम्हांस बसविले, पाणी दिले आणि आम्ही काही विचारण्यापूर्वी म्हणाले, "भाऊ, आधी सांगून टाकतो. ही एकदा पडली आहे. मुलगा वळणावर रेतीवरून घसरला. उजवीकडचा पायदान वाकला होता, सायलेन्सरला ओरखडा आहे. आणि २०२४च्या खाडीपुरात हिची चाके आसापर्यंत पाण्यात होती. इंजिनात पाणी गेले नाही. दोन्ही चाकांची बेअरिंगे आणि ब्रेकचे सामान बदलले. पावत्या ह्या." आणि त्यांनी एक जुनी वही पुढे केली. तेल बदलल्याच्या तारखा, क्लचप्लेटा, बॅटरी, सर्व मोत्यासारख्या अक्षरांत.

आम्ही तरीही सर्व पाहिले, आणि त्यांस त्याचा राग आला नाही. इंजिन थंड होते. सुरू झाले, तेव्हा क्षणभर पांढरा वाफेसारखा धूर दिसला आणि गेला. निळा असता, तर रिंगा झिजल्याचे मानले असते. तेलाची पट्टी काढून पाहिली. काळपट तेल चालते. दूध घातलेल्या कॉफीसारखे दिसले, तर आत पाणी आहे असे समजावे. टाकीचे झाकण उघडून विजेरीने तळ पाहिला. आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते हवेतील ओल धरते. त्यामुळे महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या वाहनाची टाकी आतून गंजते आणि जुन्या रबरी नळ्यांना चिरा पडतात. नळ्या तेवढ्या बदलाव्या लागतील, असे ठरले. मागच्या चक्रावर चेन बोटाने ओढली; ती दात सोडून बरीच वर आली, म्हणजे चेन संपली होती. टायरवर एका लांबट चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे आणि शेवटचे दोन सालाचे. ते १८१९ असे होते. म्हणजे २०१९च्या अठराव्या आठवड्यातले मूळचेच टायर! नक्षी शिल्लक होती, पण रबर लाकडासारखे झाले होते. पुढचे चाक उचलून हँडल सावकाश दोन्हीकडे फिरविले. मध्यावर खाच लागल्यासारखे अडखळले, तर मानेची बेअरिंगे गेलेली असतात. येथे तसे झाले नाही. काटा ३१ हजार किलोमीटर दाखवीत होता. काट्यावर आम्ही कधीच विश्वास ठेवीत नाही, कारण तो मागे फिरविणारे कारागीर सर्वत्र आहेत. पण पायदानाचे रबर आणि हँडलच्या मुठी फिरविता येत नाहीत. त्या ३१ हजारांच्याच वाटल्या, आणि वहीतल्या नोंदीही तेच सांगत होत्या.

मुलाने चक्कर मारली. वडीलही बसले. त्यांचे शिक्षण जुन्या बुलेटवर झालेले. तीत गिअर उजव्या पायाकडे आणि ब्रेक डाव्या पायाकडे असे. कोपऱ्यावर त्यांनी ब्रेक समजून गिअर दाबला आणि गल्लीतील एक म्हैस थोडक्यात वाचली. आमच्या वयाच्या वाचकांनी ही गोष्ट हसण्यावारी नेऊ नये. पायांची स्मृती डोक्याच्या स्मृतीपेक्षा हट्टी असते. मुलाच्या नव्या वाहनावर प्रथम बसाल, तेव्हा मोकळ्या मैदानातच बसावे.

परतताना आमच्या मनात संत थॉमस अक्विनास यांचे एक विवेचन घोळत होते. सातशे वर्षांहून अधिक काळापूर्वी त्यांनी आपल्या थोर ग्रंथात हाच प्रश्न घेतला आहे, की विकणाऱ्याने मालातील दोष सांगितलाच पाहिजे काय? त्यांचे उदाहरण घोड्याचे आहे. घोडा एका डोळ्याने आंधळा असेल, तर ते गिऱ्हाइकास दिसतेच. विक्रेत्याने किंमत त्या मानाने उतरविली, म्हणजे तोंडाने सांगण्याचे बंधन नाही. पण दोष झाकलेला असेल आणि त्यामुळे घेणाऱ्याचे नुकसान होण्याचा किंवा त्याच्या जिवास धोका पोचण्याचा संभव असेल, तर तो सांगणे हे कर्तव्य आहे. न सांगता केलेली विक्री ही फसवणूक ठरते. चपळ म्हणून लंगडा घोडा विकणे, भक्कम म्हणून ढासळणारे घर विकणे, ही त्यांनी दिलेली उदाहरणे. सायलेन्सरावरचा ओरखडा म्हणजे आंधळा डोळा. दिव्यातला गाळ म्हणजे लंगडा पाय. दिंडोलीच्या त्या गृहस्थांनी हा ग्रंथ वाचला असण्याचा संभव नाही. आमच्यापैकी ज्यांनी सातवी आणि आठवी आज्ञा बालपणी पाठ केल्या, ते आपले जुने वाहन विकताना किती सांगतात, याचा विचार प्रत्येकाने आपापल्या ठिकाणी करावा.

आम्ही आमचाच विचार करून सांगतो. काही वर्षांपूर्वी आमची ती बुलेट आम्ही एका जुन्या वाहनांच्या व्यापाऱ्यास विकली. पैसे रोख मिळाले. त्याने फॉर्म २९ आणि फॉर्म ३० पुढे केले आणि म्हणाला, "नुसत्या सह्या करा, बाकी मी भरतो." आम्ही कोऱ्या कागदांवर सह्या केल्या आणि घरी आलो. दोन वर्षांनी न्यायालयाचे समन्स दारात आले. त्या बुलेटने परगावी एका शेतमजुराचा पाय मोडला होता. चालविणारा कोण, तो आम्ही कधी पाहिला नव्हता. विमा संपलेला होता. आणि सरकारी दप्तरात मालक म्हणून नाव आमचे! त्या प्रकरणात आम्हांस जे द्यावे लागले, ते आम्ही दिले. पैशांपेक्षा त्या मजुराच्या पत्नीने न्यायालयाच्या व्हरांड्यात आमच्याकडे ज्या नजरेने पाहिले, ते अधिक लक्षात राहिले आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात हेच स्पष्ट केले आहे. एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे अशी हातोहात फिरलेली मोटार होती ती. तरी नोंदणीपुस्तकात ज्याचे नाव आहे, तोच कायद्याने मालक, आणि भरपाईची जबाबदारी त्याच्यावर, असे ठरले.

म्हणून पैसे हाती आले म्हणजे विक्री पुरी झाली, असे विकणाऱ्याने समजू नये. राज्यातल्या राज्यात विक्री असेल, तर विकणाऱ्याने चौदा दिवसांत आर.टी.ओ.स कळवावयाचे असते आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत नाव बदलून घ्यावयाचे असते. विमाही चौदा दिवसांत आपल्या नावे करून घेण्यासाठी अर्ज द्यावा. राज्याबाहेर न्यावयाची असेल, तर फॉर्म २८ वर ना-हरकत दाखला लागतो. आणि बारा महिन्यांहून अधिक काळ दुसऱ्या राज्यात ठेवली, तर तेथील क्रमांक घ्यावा लागतो व कर भरावा लागतो. सुरतेत स्वस्त मिळाली म्हणून गावी आणून जी.जे.-०५ क्रमांकावर वर्षानुवर्षे फिरविणारे आमच्या पाहण्यात आहेत. त्यांची बचत नाक्यावरच्या पहिल्या तपासणीपर्यंत टिकते. आपल्या या चिरंजिवाचा प्रश्न त्या मानाने सोपा होता. तो सुरतेतच राहतो, तेव्हा नाव तेथेच त्याच्या भाड्याच्या घराच्या पत्त्यावर करावयाचे.

तरी एक अडथळा निघालाच. मानेपाशी ठोकलेला चेसिसचा क्रमांक आणि इंजिनाचा क्रमांक पुस्तकाशी ताडून पाहिले, दोन्ही जुळले. पण पुस्तकात बँकेचा बोजा तसाच होता. कर्ज २०२२ सालीच फिटले होते, परंतु बँकेचा दाखला आणि फॉर्म ३५ नेऊन तो उतरविण्याचे राहून गेले होते. गृहस्थ ओशाळले. व्यवहाराची बातमी लागून तेथे आलेला एक ओळखीचा दलाल म्हणाला, "आज गाडी घेऊन जा, कागद नंतर होत राहतील." मुलगा आमच्या तोंडाकडे पाहू लागला. वडिलांनी पाच हजार रुपये बयाणा दिला, साध्या कागदावर दोघांच्या सह्या घेतल्या आणि सांगितले, की बोजा उतरेल त्या दिवशी गाडी उचलू.

मागितलेली किंमत एक लाख वीस हजार होती. नव्या गाडीच्या भावाचा कागद आम्ही दाखविला. टायर आणि चेन यांचा खर्च मांडला. गृहस्थांनी चष्मा लावून तो नीट वाचला, चुलीकडे वळून घरातील मंडळींचा सल्ला घेतला आणि एक लाख आठ हजारांवर होकार दिला. आमच्या मते आणखी दोनेक हजार सुटले असते. वडिलांनी डोळ्यांनीच आम्हांस थांबविले.

बँकेच्या कागदास तेवीस दिवस लागले. त्या तेवीस दिवसांत मुलाने आम्हांस अकरा फोन केले. गाडी हाती आल्यावर दोन टायर, चेन, दोन्ही चक्रे, नळ्या आणि तेल यांत नऊ हजार गेले. उरलेले आठ हजार त्याने न मागता आईच्या हाती ठेवले. ती रक्कम नर्सिंगच्या फीच्या डब्यात गेली आहे, असे तिने परवा कळविले. पत्राच्या शेवटी ती विचारते, की मागच्या सीटला धरावयास कडी लावून मिळते काय आणि ती किती मजबूत असते. मिळते, बाई. मागच्या मडगार्डच्या दोन्ही बाजूंना बोल्टाने पक्की बसणारीच घ्यावी. नुसती सीटला अडकविलेली नको.